‘सो-अँड-सो’ : अनामिकता आणि सौम्य अपशब्द

ज्या व्यक्तीचे नाव ठाऊक नाही अथवा सांगावयाचे नाही, तिच्यासाठी इंग्रजीत अनेक शब्द योजिले जातात. वरकरणी या शब्दांचे कार्य एकच भासते. त्यांमागील दृष्टी मात्र भिन्न आहे.

‘जॉन डो’ व ‘रिचर्ड रो’ ही इंग्लंडमधील जमिनीच्या ताब्याच्या दाव्यांतील कल्पित पक्षकारांची नावे होत. १८५२ च्या कायद्याने तेथील ही पद्धत संपुष्टात आली. अमेरिकेत नावे टिकली. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यातील ‘जेन रो’ हे याच परंपरेतील नाव. येथे नाव झाकण्यात व्यक्तीचे संरक्षण आहे. याउलट ‘टॉम, डिक अँड हॅरी’ या प्रयोगात तीन सर्वसामान्य नावे एकत्र येतात आणि दखल घेण्याच्या योग्यतेचा नसलेला कोणीही सूचित होतो. येथे अनामिकता उपेक्षेचे रूप घेते.

या दृष्टीने ‘सो-अँड-सो’ हा शब्द विशेष अभ्यसनीय आहे. ‘मिस्टर सो-अँड-सो’ म्हणजे अमुक एक गृहस्थ. त्यात निंदा नाही. परंतु उपपद लागून ‘अ सो-अँड-सो’ किंवा विशेषण लागून ‘मीन सो-अँड-सो’ असा प्रयोग झाला की तोच शब्द सौम्य शिवी ठरतो. पहिल्या प्रयोगात व्यक्तीचे नाव गाळलेले असते, दुसऱ्यात उच्चारू नये असा अपशब्द. रिकामी जागा तीच. तीत काय भरावयाचे हे श्रोता ठरवितो. म्हणूनच वक्ता शिवी देऊनही शिष्ट राहतो. ‘यू लकी सो-अँड-सो’ यात तर कौतुकही मिसळते.

मराठी अनुवादकाची कसोटी येथेच लागते. ‘अमुक’, ‘अमका’ हे शब्द गाळलेल्या नावाची जागा घेतात, गाळलेल्या शिवीची नाही. ‘सोम्यागोम्या’त उपेक्षा आहे, पण तो ‘टॉम, डिक अँड हॅरी’च्या कुळातला. ‘मेला’ किंवा ‘लेकाचा’ यांत सलगी व राग दोन्ही येतात. तथापि तेथे शिवी झाकलेली नसून केवळ बोथट झालेली असते. म्हणून संवादाच्या अनुवादात ‘सो-अँड-सो’साठी सरसकट ‘अमुक’ योजिल्यास पात्राचा रोष नाहीसा होतो, तर उघड शिवी योजिल्यास त्याचा संयम लोपतो. दोहोंपैकी काय राखावयाचे याचा निर्णय कोशावर सोपविता येत नाही. तो बोलणाऱ्या पात्राच्या स्वभावावरून व प्रसंगावरूनच करावा लागतो.