कचेरी, माजघर आणि विनोद : चिं. वि. जोशी व पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मराठी विनोदाचा विचार करताना समीक्षेने प्रामुख्याने दोन प्रश्न हाताळले आहेत. विनोद कशामुळे निर्माण होतो, हा पहिला. आणि विनोदाने समाजसुधारणेस कितपत हातभार लावला, हा दुसरा. न. चिं. केळकर यांच्या 'हास्यविनोदमीमांसे'ने (१९३७) पहिल्या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. दुसरा प्रश्न श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'पासून सातत्याने चर्चिला गेला. तिसरा एक प्रश्न मात्र मागे राहिला. रोजच्या त्याच त्या कामाला, म्हणजे कचेरीतील टेबलाला आणि घरातील चुलीला, विनोद कोणता अर्थ देतो?

प्रस्तुत लेखात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-लेखन आणि पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, रोजच्या कामावरचा सकस विनोद माणसाला कामापासून दूर नेत नाही. तो कामाचेच साधन हाती घेतो आणि त्याचे खेळणे करतो. ही क्रिया छापील विनोदात जशी आढळते तशीच स्त्रियांच्या मौखिक परंपरेतही आढळते. एकीला आपण विनोदी साहित्य म्हणतो, दुसरीला लोकसाहित्य. हा भेद कशावर उभा आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

कारकुनाचा उदय आणि विनोदाचे स्थलांतर

'कारकून' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि मराठेशाहीच्या दफ्तरात रुळला. परंतु ठरावीक तारखेस ठरावीक पगार घेणारा, हजेरीपटावर सही करणारा, साहेबाच्या शेऱ्याची वाट पाहणारा आणि महिनाअखेरीस हातउसने मागणारा नोकरदार हा इंग्रजी अमदानीतील नव्या व्यवस्थेने घडविलेला माणूस होय. त्याच्या कामाचे वैशिष्ट्य असे की, त्या कामाचे फळ त्याला कधी दिसत नाही. सुताराला खुर्ची दिसते, शेतकऱ्याला कणीस दिसते. कारकुनाचा कागद मात्र पुढच्या टेबलावर जातो आणि तेथून दिसेनासा होतो.

कोल्हटकरांच्या विनोदाचा रोख रूढी आणि अंधश्रद्धा यांवर होता. तेथे हास्य हे सुधारणेचे शस्त्र होते. राम गणेश गडकऱ्यांच्या 'बाळकराम'मध्ये शस्त्राची धार कायम राहून कल्पनेची आतषबाजी वाढली. या दोघांनंतर आलेल्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी विनोदाला चव्हाट्यावरून घरात आणले. हे स्थलांतर केवळ विषयाचे नव्हे. ते भूमिकेचेही आहे. आता हसणारा आणि ज्याला हसायचे तो, हे दोघे एकाच बिऱ्हाडात राहू लागले.

चिमणराव : स्वतःच्या फजितीची नोंद

'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' (१९३३) या संग्रहांतून चिमणराव मराठी वाचकांच्या घरात शिरले. चित्रपटांतून आणि पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवरील मालिकेतून ते वाचक नसलेल्यांनाही परिचित झाले. किरकोळ अंगाचे, भित्रे, सज्जन चिमणराव. सोबतीला सोटा बाळगणारा आडदांड गुंड्याभाऊ. आई, पत्नी काऊ आणि मुले. एवढ्या सामग्रीवर जोशींनी एक पूर्ण विश्व उभे केले.

या लेखनातील निर्णायक बाब म्हणजे त्याचे निवेदन. चिमणराव आपली हकिकत स्वतःच सांगतात. झालेली फजिती ते रडून सांगत नाहीत आणि हसूनही सांगत नाहीत. घडला प्रकार क्रमवार नोंदवून वरिष्ठांकडे पाठवावा, अशा गंभीर सुरात ते सांगतात. जोशी स्वतः पालीचे प्राध्यापक होते आणि बडोदे संस्थानात अभिलेखाधिकारी म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. दफ्तराची अलिप्त, नेटकी भाषा त्यांच्या परिचयाची होती. ती भाषा घरातील गोंधळास लावली की विनोद निर्माण होतो, आणि त्याचबरोबर त्या गोंधळास प्रतिष्ठाही मिळते. कचेरीत ज्या माणसाच्या टिपणाला कोणी विचारीत नाही, त्याच्या घरगुती टिपणाची सारा महाराष्ट्र वाट पाहतो.

आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली मांडलेली उपपत्ती मराठी समीक्षेस परिचित आहे. सजीवात यांत्रिकपणा शिरला की हसू येते आणि हसताना सहानुभूती क्षणभर बाजूस पडावी लागते, असे तिचे सूत्र. कचेरीतील जीवन यांत्रिक असल्याने सूत्राचा पूर्वार्ध चिमणरावांना लागू पडतो. उत्तरार्ध मात्र लागू पडत नाही. चिमणरावांना हसताना वाचकाची सहानुभूती सुटत नाही, उलट वाढते. कारण वाचकही बहुधा त्याच जातीचा नोकरदार असतो. येथे हास्य हे यांत्रिकपणास दिलेली शिक्षा नसून त्याच्याशी केलेली ओळख आहे.

बटाट्याची चाळ : ठराव, शिष्टमंडळ आणि गच्ची

'बटाट्याची चाळ' १९५८ साली ग्रंथरूपाने आली आणि १९६१ पासून तिचे एकपात्री प्रयोग रंगले. जोशींचे एक बिऱ्हाड येथे अनेक बिऱ्हाडांचे झाले आहे. चाळीतील माणसे दिवसभर कुठेतरी नोकरी करतात. त्या नोकरीविषयी त्यांना फारसे काही सांगायचे नसते. सायंकाळी चाळीत परतल्यावर मात्र त्यांना सभा भरवायची असते, मंडळ स्थापायचे असते, चळवळ करायची असते. सहलीसाठी 'भ्रमण मंडळ' निघते. दुसऱ्या चाळीशी संबंध जोडण्यासाठी 'सांस्कृतिक शिष्टमंडळ' निघते. बंद गच्चीसाठी जे आंदोलन होते त्याचे शीर्षकच, 'गच्चीसह... झालीच पाहिजे', संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचा प्रतिध्वनी आहे.

या प्रकरणांना केवळ विडंबन म्हणणे अपुरे ठरेल. स्वातंत्र्योत्तर दशकातील सार्वजनिक जीवनाची भाषा लेखक येथे चाळीच्या जिन्यावर आणून ठेवतो, हे खरे. परंतु त्या भाषेची टर उडविणे एवढाच हेतू असता तर ते पुस्तक त्या दशकाबरोबर जुने झाले असते. ज्यांच्या वाट्याला कामाच्या ठिकाणी कोणताही निर्णय येत नाही, त्यांची निर्णय घेण्याची भूक या सभांतून भागते. गच्ची ही दुय्यम. तिच्यासाठी ठराव मांडता येणे, त्याला अनुमोदन देणे, उपसूचना सुचविणे हे मुख्य. कचेरीत जे साधन माणसाला दाबते, तेच साधन गच्चीवर त्याला मोठे करते.

'उपवास' या प्रकरणात हाच न्याय उलट दिशेने लागतो. वजन कमी करण्याचा एक खासगी संकल्प बघता बघता सार्वजनिक विषय होतो आणि साऱ्या चाळीला सल्ल्याचा अधिकार प्राप्त होतो. यातील त्रास खरा आहे, आणि त्यातील आधारही खरा आहे. शेवटच्या 'चिंतना'त लेखकाचा सूर गंभीर होतो, तो या आधाराच्या जाणिवेमुळे. आधीचे हास्य लटके असते तर हा सूर वाचकास पटला नसता.

माजघरातील हास्य

येथवर ज्या हास्याचा विचार केला ते मुख्यतः नोकरीवरून घरी परतलेल्या पुरुषाचे हास्य आहे. त्याच्या दृष्टीने घर ही कामाची जागा नसून काम संपल्यावरची जागा आहे. काऊ चिमणरावांच्या कथांत बोलते, टोमणे मारते, वेळप्रसंगी नवऱ्याला निरुत्तरही करते. परंतु निवेदक चिमणराव असल्याने, ते कचेरीत असताना काऊचा दिवस कसा जातो हे निवेदनाच्या कक्षेबाहेर राहते. चाळीतही स्त्रिया आहेत, त्या भांडतात, सुनावतात. तथापि मंडळे आणि शिष्टमंडळे हे मुख्यतः पुरुषांचे उद्योग आहेत. सभा गच्चीवर चालते तेव्हा भाकरी कोण थापीत असते, हा प्रश्न विनोदात सहसा उपस्थित होत नाही.

मग घरकाम करणारीने हसावे कशावर? याचे उत्तर छापील वाङ्मयात शोधण्याआधी जात्यापाशी शोधले पाहिजे. पहाटेच्या दळणाबरोबर गाइलेल्या ओव्यांत दुःख आहे, भक्ती आहे, माहेर आहे. तसाच सासरच्या माणसांवरचा तिरकस नर्म विनोदही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या संख्येवरून या निर्मितीच्या व्याप्तीची कल्पना यावी. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या नात्यांची यथेच्छ थट्टा असते. मंगळागौरीच्या जागरणात तर लाटणे, सूप आणि तांब्या ही कामाची साधनेच खेळाची साधने होतात.

हे शेवटचे उदाहरण आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. गच्चीवर ठरावाचे जे होते, तेच मंगळागौरीत सुपाचे होते. दिवसभर ज्याने धान्य पाखडायचे, त्याच सुपाला रात्री नाचवायचे. दोन्हीकडे क्रिया एकच आहे. भेद इतकाच की, एका कृतीला लेखक आहे, आवृत्त्या आहेत, समीक्षा आहे. दुसरीला यांपैकी काही नाही. अलीकडच्या काळात मंगला गोडबोले यांच्यासारख्या लेखिकांनी संसारातील विनोद स्त्रीच्या नजरेने लिहिला. त्या लेखनाची पूर्वपरंपरा केवळ चिमणरावांत शोधणे हे म्हणूनच एकांगी ठरेल.

एक आक्षेप

असा विनोद अन्याय सुसह्य करतो आणि म्हणून तो बदलाच्या आड येतो, हा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. त्यात तथ्य आहे. चाळीत गिरणी कामगारही राहत होते. त्यांचे जगणे नारायण सुर्व्यांच्या कवितेत आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लोकनाट्यांत जितके प्रखरपणे आले, तितके मध्यमवर्गीय विनोदात आले नाही. तथापि सुसह्य होणे आणि मान्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सासूवर ओवी रचणारी सून दळण टाकून देत नाही. पण दळणाऱ्या बाईलाही मत असते, हे ती मोठ्याने सांगते. चिमणराव नोकरी सोडीत नाहीत. पण नोकरीच्या मापाने स्वतःला मोजूनही घेत नाहीत. बदलाची सुरुवात यातून होतेच असे नाही. परंतु ज्याला स्वतःच्या कामाकडे हातभर अंतरावरून पाहता येत नाही, त्याला ते बदलावे असेही सुचत नाही.

निष्कर्ष

१. चिं. वि. जोशी यांनी दफ्तराच्या गंभीर निवेदनशैलीत घरगुती फजिती सांगून सामान्य नोकरदाराच्या जीवनास वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली.

२. 'बटाट्याची चाळ'मधील सभा व चळवळी या विडंबनापुरत्या मर्यादित नसून, कामात नाकारलेला कर्तेपणा परत मिळविण्याचे ते मार्ग आहेत.

३. कामाचे साधन खेळाचे साधन करणे हे या विनोदाचे मूळ तत्त्व असून ते स्त्रियांच्या ओव्या, भोंडला आणि मंगळागौर यांतही तितकेच कार्यशील आहे.

४. मौखिक परंपरेतील हे हास्य 'लोकसाहित्य' या स्वतंत्र अभ्यासपत्रिकेत ठेवल्याने विनोदाच्या इतिहासातून ते गळते. विनोदी साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत चिमणरावांच्या शेजारी ओव्यांची निवड नेमल्यास विद्यार्थ्यांना दोन्हींचे वाचन अधिक सूक्ष्मपणे करता येईल. अभ्यासमंडळांनी या सूचनेचा विचार करावा.