साथीने जग बदलले. पण हे ठरवायचे कसे?

लॉरा स्पिनी या ब्रिटिश विज्ञान-पत्रकार लेखिकेचे ‘पेल रायडर’ हे 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीवरील इंग्रजी पुस्तक 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तीनच वर्षांत कोविडची साथ आली आणि पुस्तकाला नवे वाचक मिळाले. विज्ञानाच्या व इतिहासाच्या शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र ‘या साथीने जग कसे बदलले’ असा जो दावा त्याच्या उपशीर्षकातच केलेला आहे, तो वाचताना पेन्सिल हाती असलेली बरी.

आधी जमेची बाजू पाहू. या साथीवरचे बरेचसे लेखन अमेरिका आणि पश्चिम युरोप यांच्यापुरते असते. स्पिनीबाई मात्र वाचकाला इराणातील मशहद, चीनमधील शान्शी प्रांत, ब्राझीलमधील रिओ, अलास्काचा किनारा आणि आपले गुजरात इतक्या ठिकाणी नेतात. स्पेनमधील सामोरा या गावी बिशपने गर्दी टाळण्याचा सरकारी सल्ला बाजूला सारून सामुदायिक प्रार्थना भरवल्या. ओडेसा शहरात ज्यू लोकांनी साथ हटावी म्हणून चक्क दफनभूमीत गोरगरिबांचे लग्न लावले. अलास्कात ब्रिस्टल बे भागातील वस्त्यांमध्ये कर्ती माणसे गेली आणि मागे राहिली ती अनाथ मुले. रोजच्या जगण्यावर साथीचा घाला कसा पडतो हे अशा प्रसंगांतून जितके कळते, तितके आलेखांतून कळत नाही. विषाणूचे विज्ञानही लेखिकेने सोपे करून सांगितले आहे. त्या काळी डॉक्टर एका जिवाणूलाच दोषी धरत होते; माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा करता आला तो 1933 मध्ये, आणि 1918 चा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला गेला 2005 मध्ये.

आता आकड्यांकडे वळू. जगात पाच ते दहा कोटी माणसे मेली असा अंदाज पुस्तकात स्वीकारला आहे. 1927 मध्ये केलेला पहिला मोठा अंदाज 2 कोटी 15 लाखांचा होता. पुस्तकानंतर वर्षभराने, 2018 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 1918-19 साठी अवघा 1 कोटी 74 लाख हा आकडा दिला. इकडे आय. डी. मिल्स यांनी 1986 मध्ये एकट्या भारतासाठीच 1 कोटी 70 ते 80 लाखांचा अंदाज केला होता. दोन्ही आकडे एकदम खरे मानले, तर उरलेल्या जगात कोणी मेलेच नाही असे होईल! वर्गात अंदाज आणि मोजणी यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मृत्यूंची नोंद ज्यांनी करायची ते गावकामगारच आजारी पडलेले किंवा मेलेले होते, त्यामुळे साथीआधीच्या मृत्युदरापेक्षा किती मृत्यू जास्त झाले हे पाहूनच अंदाज बांधावे लागतात. संगणकाच्या युगातही हा प्रश्न सुटलेला नाही. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत जगभर कोविडचे सुमारे 54 लाख मृत्यू नोंदले गेले. त्याच काळातील जादा मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र सुमारे 1 कोटी 49 लाख आहे, आणि भारताच्या वाट्याचा आकडा भारत सरकारला मान्य नाही.

साथीने गरीब-श्रीमंत हा भेद पाळला नाही, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. लेखिका ते मानत नाही, आणि हे योग्यच आहे. मुंबईच्या नोंदी तर त्याचा स्पष्ट पुरावा आहेत. जून 1918 मध्ये गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई आजारी पडले तिथून मुंबईतील साथ सुरू झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, घातक लाट आली. त्या वेळी मुंबईतील युरोपियनांत दर हजारी 8.3, पारशांत 9, उच्चवर्णीय हिंदूंत 18.9, तर ‘कनिष्ठ’ जातींत (शब्द त्या नोंदींतलाच) 61.6 मृत्यू झाले. विषाणू एकच, शहर एकच, आणि फरक सात पटींचा. खोलीत किती माणसे राहतात, आजारी पडल्यावर पाणी द्यायला कोणी उठू शकते का, त्या दिवशी काम चुकले तर चूल पेटते का, या गोष्टींचा हा फरक आहे. त्यातच 1918 चा पावसाळा फार वाईट गेला होता. भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या, हेही इथे आठवावे. घरातील आजाऱ्यांची उस्तवार कोण करत होते हे सांगायला नको. आजच्या सीमांमधील भारताची लोकसंख्या 1911 मध्ये 25 कोटी 21 लाख होती, ती 1921 मध्ये 25 कोटी 13 लाख झाली. जनगणनेच्या इतिहासात घट दाखवणारे दशक हे एकच.

इतके मोठे संकट आले म्हणजे जग बदललेच असणार, असे मनाला वाटते. पुस्तकाचा उत्तरार्ध याच वाटण्यावर उभा आहे, आणि इथेच तो डळमळतो. साथीनंतर अनेक देशांत सार्वजनिक आरोग्यसेवा वाढली, असे लेखिका दाखवते. पण जर्मनीत आजारपणाचा विमा 1883 पासूनच होता, आणि रशियात याच सुमारास क्रांती, यादवी आणि टायफसची साथ हे सगळे एकत्र आले होते. गुजरातेत कल्याणजी आणि दयालजी या गांधीजींच्या अनुयायांनी साथीत मदतकार्य केले, त्यातून चळवळीला खेड्यापाड्यांत पाय रोवता आले, हे मान्य. मात्र 1919 च्या असंतोषामागे महागाई, दुष्काळ, युद्ध, रौलट कायदा आणि जालियनवाला बाग हेही होते. यांतून फ्लूचा वाटा वेगळा काढायचा कसा? ‘नंतर’ घडले म्हणजे ‘त्यामुळे’ घडले, असे आपण विद्यार्थ्याला प्रयोगवहीत लिहू देत नाही.

हा वाटा कधी कधी वेगळा काढता येतो. त्यासाठी तुलना लागते. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचे दोन भाग होते. पश्चिम भाग न्यूझीलंडच्या ताब्यात होता. तिथे नोव्हेंबर 1918 मध्ये ऑकलंडहून आलेले ‘तालुने’ हे जहाज अटकाव न होता बंदराला लागले आणि सुमारे एक पंचमांश लोक मेले. शेजारच्या अमेरिकन सामोआत जहाजांवर कडक निर्बंध घातले गेले. तिथे एकही मृत्यू झाला नाही. माणसे त्याच कुळातली, हवामान तेच. फरक बंदरावरच्या निर्णयाचा. पश्चिम सामोआत न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्ध जी चीड पुढे चळवळीत उतरली, तिच्या मुळाशी ही साथ होती असे म्हणायला म्हणूनच आधार आहे. 2002 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी सामोआची माफी मागितली, त्यात या साथीचाही उल्लेख होता.

रोजच्या सवयींबाबतही अशीच कसोटी लावावी. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर थुंकण्यास बंदी आली ती 1896 मध्ये, क्षयाच्या भीतीने. तिचे श्रेय फ्लूला देता येणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर 1918 मध्ये मास्क सक्तीचे झाले, पण 1919 च्या फेब्रुवारीत ते उतरलेही. सवयी वाटतात तितक्या सहज बदलत नाहीत.

शिक्षकांना सर्वांत जवळचा वाटेल तो न्यूयॉर्कच्या शाळांचा भाग. तेथील आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी शाळा बंद केल्या नाहीत. कोंदट चाळींत राहणाऱ्या मुलांवर शाळेत निदान परिचारिकेची नजर राहील, हा त्यामागचा विचार. न्यूयॉर्कचा मृत्युदर फिलाडेल्फिया किंवा बोस्टनपेक्षा कमी राहिला. म्हणजे निर्णय बरोबर ठरला का? घाई नको. शहरात रुग्णांचे विलगीकरण लवकर सुरू झाले होते, दुकाने व कारखान्यांच्या वेळा पुढेमागे केल्या होत्या, आणि 1918 च्या वसंतातच तिथे एक सौम्य लाट येऊन गेल्याचा पुरावा 2005 मध्ये पुढे आला. यांपैकी कशामुळे किती जीव वाचले हे सांगता येत नाही. मार्च 2020 नंतर आपल्याकडे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. देशात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण ‘असर’ पाहणीनुसार 2018 मध्ये 27.3 टक्के होते, ते 2022 मध्ये 20.5 टक्के झाले. शाळा बंद ठेवल्याची किंमत अशी मोजता येते. त्यातून काय वाचले हे मोजणे फार कठीण आहे.

ज्यांच्या शाळा 1918 पूर्वीच्या आहेत त्यांनी जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढावे. 1918 च्या दिवाळीच्या आगेमागे किती मुलांची नावे कमी झाली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे आधीच्या दोन-तीन वर्षांशी ताडून पाहावे. दहावीची मुले हे काम दोन तासिकांत करू शकतात.