‘तें’ कीं ‘तीं’? : अमेरिकन घटनेंतील उपाध्यक्षविषयक एका वाक्याचें परीक्षण

जुन्या कागदांतील एक सर्वनाम संदिग्ध राहिलें म्हणजे पुढील वाचकांस केवढे कष्ट पडतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु एका सर्वनामावर एका मोठ्या राष्ट्राचें अध्यक्षपद अवलंबून राहावें, आणि ती संदिग्धता फिटावयास १८० वर्षें लागावीं, असें उदाहरण विरळा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्ष मरण पावला तर उपाध्यक्ष अध्यक्ष होतो, आणि हें १७८७ च्या मूळ घटनेंतच सांगितलेलें आहे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज मूळ लेखास धरून आहे कीं काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणांत तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) मूळ वाक्य. घटनेच्या दुसऱ्या कलमाच्या पहिल्या भागांत जें वाक्य आहे त्याचा आशय असा : अध्यक्ष पदावरून दूर केला गेला, मरण पावला, त्यानें राजीनामा दिला, किंवा सदर पदाचे अधिकार व कर्तव्यें चालविण्यास तो असमर्थ झाला, तर ‘दि सेम’ उपाध्यक्षाकडे जावें. दोघांचाही अभाव असेल तर कोणत्या अधिकाऱ्यानें अध्यक्ष म्हणून काम पाहावें हें काँग्रेसनें कायद्यानें ठरवावें. व त्यानें असमर्थता दूर होईपर्यंत किंवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत तसें काम पाहावें.

इंग्रजी ‘सेम’ या शब्दास लिंग नाहीं आणि वचनही नाहीं. संस्कृतांत किंवा मराठींत हा घोटाळा होताच ना. पदाकडे बोट दाखवावयाचें तर ‘तें’ म्हणावें लागतें. अधिकार व कर्तव्यें यांकडे दाखवावयाचें तर ‘तीं’. ‘तें’ म्हटलें कीं उपाध्यक्ष वारस ठरतो. ‘तीं’ म्हटलें कीं तो मुतालिक ठरतो : शिक्का त्यानें चालवावा, पद मात्र त्याचें नव्हे. आपल्या दप्तरांशीं परिचय असलेल्यांस या दोहोंमधील अंतर सहज कळेल.

(२) प्रसंग. ४ मार्च १८४१ रोजीं अधिकारावर आलेला अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन ४ एप्रिल रोजीं मरण पावला. अधिकारारूढ अध्यक्षाचा मृत्यु हा त्या राष्ट्रांतील पहिलाच. उपाध्यक्ष जॉन टायलर त्या वेळीं व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें होता. मंत्र्यांनीं त्यास धाडलेलें पत्र ‘उपाध्यक्ष’ याच नांवें होतें. तो राजधानींत आला आणि ६ एप्रिल रोजीं न्यायाधीश विल्यम क्रँच यांजपुढें त्यानें अध्यक्षपदाची शपथ घेतली. क्रँच यांनीं दिलेला दाखला संशोधकांनीं अवश्य पाहण्याजोगा आहे. त्याचें तात्पर्य असें कीं, उपाध्यक्ष म्हणून घेतलेली शपथ पुरेशी आहे असें टायलर यांचें मत आहे. तथापि पुढें शंका निघूं नये म्हणून ही नवी शपथ घेतली आहे. ज्यास शंकेचें भय वाटलें, त्याच्या मनांत शंकेस जागा होती, हें उघड आहे.

माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यानें त्याच महिन्यांत आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें कीं, टायलरचा अर्थ घटनेच्या व्याकरणासही सोडून आहे आणि संदर्भासही. तरी काँग्रेसनें टायलरचाच पक्ष उचलला. सीनेटमध्यें विरुद्ध सूचनेस अवघीं ८ मतें पडलीं, प्रतिकूल ३८.

(३) पूर्वपक्ष. टायलरच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे तें प्रथम मांडणें न्याय्य होय. सर्वनामास निकटचें पद घ्यावें म्हटलें तर ‘सदर पद’ हेच शब्द ‘दि सेम’ च्या अगदीं अलीकडे आहेत. दुसरें असें कीं, तिसऱ्या अधिकाऱ्याविषयीं ‘अध्यक्ष म्हणून काम पाहावें’ असे शब्द आहेत, उपाध्यक्षाविषयीं मात्र ‘जावें’ हें निराळें क्रियापद आहे. शब्दभेद आहे तेथें अर्थभेद असावा.

(४) उत्तरपक्ष. हे दोन्ही मुद्दे वरवर पाहतां बळकट दिसतात; परंतु कच्चे खर्डे समोर ठेविले म्हणजे ते टिकत नाहींत. घटनापरिषदेच्या ज्या समितीनें ४ सप्टेंबर १७८७ रोजीं उपाध्यक्षाचें पद प्रथम सुचविलें, तिच्या खर्ड्यांत अर्थ स्वच्छ आहे : अध्यक्षाच्या अभावीं उपाध्यक्षानें ते अधिकार व तीं कर्तव्यें चालवावीं, तींही दुसरा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत किंवा असमर्थता दूर होईपर्यंत. तिसऱ्या अधिकाऱ्याविषयींचें वाक्य ७ सप्टेंबर रोजीं स्वतंत्रपणें मान्य झालें. पुढें भाषा नीट करून कलमें लावण्यासाठीं पांच जणांची समिती नेमली गेली. तींत हॅमिल्टन, मॅडिसन व गव्हर्नर मॉरिस हे होते, आणि लेखणी मुख्यतः मॉरिसची होती. या समितीनें दोन वाक्यें जोडून एक केलें. लांब शब्द टाळण्यासाठीं ‘दि सेम’ आला, आणि दोन्ही वाक्यांस असलेली मुदत एकदांच, तीही शेवटीं, राहिली. समितीस भाषा बदलण्याची मोकळीक होती, अर्थ बदलण्याची नव्हती. किंबहुना मुदतीच्या शब्दांतही तिनें फेर केला होता. तो परिषदेच्या लक्षांत आला व १५ सप्टेंबर रोजीं दुरुस्त झाला. ‘दि सेम’ मात्र कोणाच्या नजरेस आला नाहीं.

दुसरें प्रमाण १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीचें. प्रतिनिधिसभेस ठरल्या मुदतींत अध्यक्ष निवडतां न आल्यास, अध्यक्षाच्या मृत्यूच्या किंवा इतर असमर्थतेच्या प्रसंगीं होतें त्याप्रमाणें, उपाध्यक्षानें अध्यक्ष म्हणून काम पाहावें, असे तिचे शब्द होते. म्हणजे घटनेनंतर १७ वर्षांनीं, घटनेच्याच अंगभूत लेखांत, मृत्युप्रसंगींही उपाध्यक्ष ‘काम पाहणारा’ असाच गणला आहे. निराळ्या क्रियापदावर उभारलेला मुद्दा येथें ढांसळतो.

तिसरें प्रमाण वाक्यांतूनच निघतें. निमित्तें चार आणि क्रियापद एक. मृत्यूच्या वेळीं पद जातें असें म्हटलें, तर अध्यक्ष आजारी पडतांच तेंही जातें असें म्हणावें लागेल. मग बरा झालेला अध्यक्ष परत येणार कोठें? मृत्यूपुरतें ‘तें’ आणि आजारापुरतें ‘तीं’ असा अर्थ करणें म्हणजे मीमांसक ज्यास वाक्यभेद म्हणतात तो दोष पत्करणें होय.

अॅडम्सची टीका केवळ राजकीय वैराची म्हणून सोडून देतां येत नाहीं, याचें आणखी एक कारण आहे. घटनापरिषदेची कामकाजाची वही १८१९ सालीं प्रसिद्ध झाली ती परराष्ट्रमंत्री या नात्यानें त्याच्याच देखरेखीखालीं. खर्डे ज्यानें हाताळले होते, त्यासच चूक दिसली.

(५) परिणाम. टायलरचा निर्णय राज्यकारभाराच्या दृष्टीनें वाईट नव्हता, हें आम्ही मान्य करितों. सत्तेची जागा एक दिवसही डळमळली नाहीं, आणि पुढें १८५० पासून १९६३ पर्यंत सात उपाध्यक्ष याच वाटेनें विनातक्रार अध्यक्ष झाले. शास्त्राद्रूढिर्बलीयसी हें खरें. परंतु रूढीची किंमतही पडली. २ जुलै १८८१ रोजीं अध्यक्ष गारफील्ड यास गोळी लागली व तो १९ सप्टेंबरपर्यंत अंथरुणास खिळून राहिला. तरी उपाध्यक्ष आर्थर पुढें झाला नाहीं, कारण एकदां तो बसला म्हणजे गारफील्डचें पद कायमचें जाईल अशी भीति होती. ऑक्टोबर १९१९ मध्यें विल्सन यास पक्षाघात झाला, तेव्हांही मार्च १९२१ पर्यंत उपाध्यक्ष मार्शल दूरच राहिला. ‘तें’ हा पाठ मृत्यूस सोयीचा झाला आणि आजारास निरुपयोगी. अखेर १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनें मृत्यु, राजीनामा व पदच्युति यांत उपाध्यक्ष अध्यक्ष ‘होईल’, आणि असमर्थतेंत केवळ ‘काम पाहील’, असे दोन पदर वेगळे केले.

(६) तुलना. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत प्रतिनिधीचा विचार आहे. सत्रांतील यजमानांपैकीं एक मृत झाला तर संख्या भरून काढण्यासाठीं दुसरा घ्यावा. पण तो स्वामी नव्हे, केवळ कर्म करणारा, फल त्याचें नव्हे. स्वामीचे नियम मात्र त्यानें पाळावे. टायलरचा प्रश्न तो हाच, आणि उत्तर अॅडम्सचें. आपल्या देशाच्या १९५० च्या घटनेनें हा धडा घेतला असावा असें वाटण्याइतकें तिचें ६५ वें कलम स्पष्ट आहे : पद रिकामें झालें तर उपराष्ट्रपतीनें राष्ट्रपति म्हणून काम पाहावें, आणि नवी निवडणूक ६२ व्या कलमानें सहा महिन्यांत व्हावी. १९६९ सालीं झाकिर हुसेन व १९७७ सालीं फक्रुद्दीन अली अहमद निवर्तले, तेव्हां व्ही. व्ही. गिरि आणि बी. डी. जत्ती यांनीं काम पाहिलें. वारसाचा प्रश्न निघाला नाहीं.

यावरून आमच्या संग्राहक बंधूंस एकच विनंति. स्वच्छ प्रत हातीं आली म्हणून खोडाखोडीचा खर्डा टाकून देऊं नये. लेखकाच्या मनांत काय होतें तें पुष्कळदां खर्ड्यांतच राहतें. स्वच्छ प्रतींत राहतें तें नक्कल करणाराचें वळण. मॉरिसचें वाक्य आटोपशीर होतें, पण अर्थ मात्र मागील कागदांतच राहिला.