‘दया’ आणि ‘वर’ : एका संस्कारकथेचा विचार

मुलांच्या ठायी दयाबुद्धी बाणावी म्हणून ‘श्यामची आई’ त्यांच्या हाती दिली जाते, हे योग्यच होय. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण मात्र अर्धेच सांगण्याचा मोह शिक्षकास होतो. महार समाजातील वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते. पण परतल्यावर स्नान करावयासही तीच सांगते. हे स्नान गाळले की आईची मूर्ती होते, माणूस उरत नाही.

येथे भाषेची साक्ष काढणे इष्ट ठरेल. मराठीत मैत्री कोणा‘शी’ होते, दया कोणा‘वर’ केली जाते. प्रेमही कोणा‘वर’च केले जाते, असा आक्षेप येईल. परंतु परस्परांवर प्रेम करता येते. ‘परस्परांवर दया’ ही रचना कानाला खटकते. दयेला उंची लागते, आणि स्नान ती उंची राखते.

14 ऑक्टोबर 1956 ज्या नागपुराने पाहिला, तेथे रामदासपेठेतील एखाद्या वर्गात ही गोष्ट मोळीवालीच्या बाजूने ऐकणारे मूलही बसलेले असते. त्याच्यापासून स्नान लपविण्यात कसली दया? प्रकरण सबंध वाचावे आणि त्याच तासाला गुरुजींच्या चरित्रातील मे 1947 चे पान उघडावे : पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून श्यामच उपोषणास बसला होता.