ओवीचा धनी कोण?

गेल्या गणेशोत्सवाच्या सुमारास आमच्या द्वारकेतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप-गटावर एका पिठाच्या कंपनीचे आवाहन येऊन पडले. (ही द्वारका सौराष्ट्रातील नव्हे, दिल्लीच्या नैर्ऋत्येची, सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी.) घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून इन्स्टाग्रामवर धाडाव्यात, निवडक ओव्यांना कंपनी 'आपल्या कुटुंबात' सामावून घेईल, असा त्यातील मजकूर होता. आमच्या एका सहकाऱ्याच्या मातोश्री दिल्लीस आल्यापासून चारचौघांत फारशा बोलत नसत. त्यांनी चार ओव्या म्हटल्या. निवडही झाली. प्रसिद्ध झाले ते अर्ध्या मिनिटाचे चित्र : ओवीचा पहिला चरण, त्यावर ढोलकी, आणि दुसऱ्या चरणाच्या जागी पिठाची पिशवी. बाईंचे नाव नाही, गाव नाही. दिवाळीपर्यंत ते चित्रही त्या पानावरून नाहीसे झाले.

हा तक्रारअर्ज नव्हे. तसले अर्ज आम्ही कचेरीत पुष्कळ हाताळतो. परंतु कंपनी आणि समाज यांच्यामध्ये आज जे बोलणे चालते तेही एक प्रकारचे वाङ्मयच आहे, आणि वाङ्मय म्हटले की त्याचे परीक्षण आलेच.

व्यापाऱ्याचा हात लागला की साहित्य नासते, हे मत आम्हांस मान्य नाही. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघाली ती एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. लोखंडी नांगर विकणाऱ्या किर्लोस्करवाडीस आपल्या गिऱ्हाइकांशी बोलावयाचे होते. पण संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी ते बोलणे एकतर्फी ठेवले नाही. नांगर हळूहळू मागे सरला आणि वाचक पुढे आला. 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले, १९३० मध्ये 'स्त्री' निघाले, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ज्या पानांवर आले, ती पाने मुळात जाहिरातीच्या पोटी जन्मली होती. कंपनीचा लाभ झाला असेल, झालाच असेल. परंतु लेखाखाली लेखकाचे नाव राहिले, आणि जुना अंक ग्रंथालयात आजही उघडून वाचता येतो.

आजच्या कंपनीची भाषा पाहावी. ती आपणांस 'तू' म्हणते, सणावारी शुभेच्छा देते, 'तुझी आजी काय करायची?' असे लडिवाळपणे विचारते. प्रश्नाचे उत्तर तिला नको असते, उत्तरांची संख्या हवी असते. कारण जेथे माणसे थांबतात, खुणा करतात, तेच चित्र ते माध्यम आणखी लोकांपुढे ढकलते. ह्या व्यवहारास 'एंगेजमेंट' असे नाव आहे. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ साखरपुडा. आणि साखरपुड्यात निदान दोन्हीकडची नावे तरी घेतली जातात!

ह्या माध्यमांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमची आरती पडद्यावरच झाली. प्रत्येक घरातून आवाज मागेपुढे पोचत असल्यामुळे टाळ शेवटपर्यंत जुळला नाही. तरी त्या वर्षी आरती झाली, हे विसरता येत नाही. मात्र हे सभागृह भाड्याचेही नसते. भाडेकरूस निदान पावती मिळते. ऑर्कुटवर कितीतरी मराठी मंडळी जमत. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद केले आणि मंडळींची पांगापांग झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकच्या कंपनीने 'मेटा' हे नाव धारण करून आभासी जगाचा पुकारा केला. तेथे आपण देहाची प्रतिमा घेऊन वावरावे, असा बेत. प्रतिमा आमची, पण अंगण कोणाचे?

दोष यंत्राचा नव्हे, ह्याचा पुरावा ओव्यांच्याच प्रांतात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. पी. साईनाथ यांच्या 'परी' ह्या ग्रामीण संग्रहाने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयास घेतल्या. पडदा तोच, इंटरनेट तेच. पण येथे ओवीबरोबर गाणारीचे नाव येते, गाव येते, तालुका येतो. ओवी घाईने कापलेली नसते. तिच्यासाठी थांबावे लागते, आणि थांबणाऱ्यांची संख्या कंपनीच्या पानावरच्या संख्येपुढे अल्पच असणार. आम्ही मात्र त्या दोन पानांत श्रेष्ठ कोणते, हे ठरवावयास त्या संख्येचा आधार घेणार नाही.

मागील रविवारी आमच्या सहकाऱ्याने मातोश्रींना त्यातील काही ओव्या ऐकविल्या. पुणे जिल्ह्यातील कोणी बाई गात होत्या. मातोश्रींनी मध्येच हात वर करून यंत्र थांबविले. "ही दुसरा चरण निराळा म्हणते," त्या म्हणाल्या, आणि आपला पुरा म्हणून दाखविला.