मुक्त आरेखन-सॉफ्टवेअरची सूची : नोंद आणि राखण

सूची हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. सूचीकाराने नोंदी कराव्यात आणि समीक्षकाने मूल्यमापन करावे, अशी कामाची वाटणी आपण गृहीत धरलेली असते. परंतु काय घ्यावे, काय वगळावे आणि घेतलेल्याचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे, हे तिन्ही मूल्यनिर्णयच होत. मुक्तस्रोत आरेखन-सॉफ्टवेअरच्या ज्या सूची स्वयंसेवक मिळून चालवितात, त्यांचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. छापलेली आवृत्ती बदलत नाही; म्हणून तिची नोंद एकदा बिनचूक झाली की टिकते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. चित्रसंस्करणाच्या ‘गिम्प’पासून ‘ग्लिम्प्स’ हा फाटा २०१९ मध्ये निघाला आणि २०२१ मध्ये त्याचे काम थांबले. त्याची २०२० मध्ये केलेली नोंद तेव्हा यथार्थ होती; तीच पुढे दिशाभूल करणारी ठरते. तीत एकही अक्षर बदललेले नसते, आणि नेमका तोच तिचा दोष असतो. यास्तव अशा सूचीचे खरे मोल नोंदींच्या संख्येत नसून त्यांच्या राखणीत आहे.

या राखणीची पहिली कसोटी परवान्याची. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या शब्दांची गल्लत अनेक याद्यांत दृष्टीस पडते. ‘अ‍ॅफिनिटी’ २०२५ मध्ये विनामूल्य झाले, पण त्याची स्रोत-संहिता त्यामुळे खुली झाली नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या सूचीत त्याला स्थान नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या सूचीने या बाबतीत कसोशी दाखविली आहे. निर्मात्याच्या निवेदनावर न विसंबता प्रत्येक नोंदीचा परवाना पडताळून पाहण्याचे धोरण तिने स्वीकारले. हे श्रम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण सूचीची विश्वसनीयता त्यांवरच उभी आहे.

तथापि केवळ परवान्याची कसोटी पुरेशी नाही. पृष्ठरचनेचे ‘स्क्रायबस’ हे सॉफ्टवेअर मुक्त होते, युनिकोड स्वीकारीत होते. सूचीच्या भाषेत त्याची पात्रता निर्विवाद होती. परंतु त्याच्या १.४ या स्थिर आवृत्तीत देवनागरीची जुळणी होत नसे. जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षरापूर्वी न येता नंतर येई. ही उणीव १.५ या विकासमालेत दूर झाली आणि ती सुधारणा १.६ या स्थिर आवृत्तीतून २०२४ मध्ये सर्वांच्या हाती आली. ‘युनिकोडची सोय आहे’ एवढीच नोंद या दोन्ही आवृत्त्यांना लागू पडते. मराठी अनियतकालिकाच्या संपादकाला मात्र पहिली आवृत्ती निरुपयोगी आणि दुसरी उपयुक्त. खरी असूनही अपुरी असलेली नोंद वाचकाला कशी फसविते, याचे हे उदाहरण होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की, विनावेतन काम करणाऱ्या मूठभर माणसांकडून प्रत्येक लिपीच्या चाचणीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्पन्न होणारे कर्तव्य सूचीकाराचे नसून आपले आहे. ज्याला देवनागरी येते त्यानेच देवनागरीची चाचणी करावयाची असते. ‘अमुक आवृत्ती, अमुक दिवशी, अमुक मजकुरावर तपासली’ एवढी एक ओळ जोडणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. पाठचिकित्सेत आपण हीच शिस्त पाळतो.

शेवटचा प्रश्न मृत नोंदींचा. त्या पुसून टाकाव्यात, असे अनेकांना वाटते. मला ते मान्य नाही. ‘सोडिपोडी’ आज वापरात नाही. परंतु २००३ मध्ये त्याच्यापासूनच ‘इंकस्केप’ निघाले. ही नोंद नष्ट केली तर ‘इंकस्केप’चे कूळ कळणार नाही. तिच्यापुढे ‘काम थांबले’ असे स्पष्ट लिहून ती जतन करावी. जिवंताची निवड आणि मृताची स्मृती ही दोन्ही कामे सूचीची आहेत. त्यांची सरमिसळ झाली की तिची अडगळ होते. तपासणीची तारीख नसलेली नोंद ही साक्ष नव्हे, केवळ ऐकीव वार्ता होय.