श्री अन्न आलं, पण ज्वारी काढायची कुणी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधनाचा आराखडा लिहिला, त्याची सुरुवात साधारण अशी होती: भरडधान्यांच्या पोषणमूल्याबद्दल लोकांमध्ये जागरूकता नसल्याने ज्वारीचं क्षेत्र घटत आहे. समितीत कुणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली घरी, चौसाळ्यात. वडिलांना विषय समजावून सांगत होते, तर ते म्हणाले, "ज्वारी चांगली असती हे आम्हाला कुणी सांगावं लागतंय का? काढायची कुणी, ते विचार की त्यांना."

आराखडा मी पुन्हा लिहायला घेतला. तुमच्यातल्या ज्यांना अन्नधोरणावर काम करायचंय त्यांच्यासाठी ही गोष्ट सांगतेय, कारण माझी चूक फार सोपी होती. धोरणाने जी अडचण सांगितली, तीच मी माझा संशोधनप्रश्न म्हणून उचलली होती.

धोरण काय म्हणतं ते आधी बघू. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ज्वारी, बाजरी, नाचणी वगैरेंना पौष्टिक तृणधान्य म्हणून अधिसूचित केलं. मार्च २०२१ मध्ये भारताच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवलं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हे नाव आलं. त्या वर्षी पाककृती स्पर्धा, प्रदर्शनं, ज्वारीची बिस्किटं, बाजरीचा पास्ता, सगळं झालं. यातलं बहुतेक सगळं खाणाऱ्याला उद्देशून होतं. त्याची आवड बदलली की मागणी वाढेल, मागणी वाढली की भाव वाढेल आणि भाव वाढला की शेतकरी पेरेल, अशी ती साखळी. कागदावर ती बरोबर दिसते. पण ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच खाल्ली जाते, तिथे ती पहिल्या कडीलाच अडकते. आमच्याकडे ज्वारी कमी झाली ती चव विसरल्यामुळे नाही.

मग कशामुळे? इथे मी दुसरी चूक केली. ज्वारीचं पीक दाण्यासाठी जेवढं, तेवढंच कडब्यासाठी घेतलं जातं. दुष्काळी सालात तर पेंढीचा भाव बघून माणूस ठरवतो, जनावर ठेवायचं का विकायचं. म्हणून मी झोकात लिहून टाकलं की हमीभाव ठरवताना सरकार कडबा मोजतच नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाची पद्धत नीट वाचली तेव्हा कळलं की मोजतं. पिकाचा एकूण खर्च मुख्य उत्पादन आणि दुय्यम उत्पादन यांच्यात किमतीच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे कडबा हिशेबात आहे, फक्त त्याच्या वाट्याचा खर्च दाण्यावरून उतरतो. हे तत्त्वतः चूक नाही, पण परिणाम बघा. हमीभाव फक्त दाण्याला. कडब्याला ना हमी, ना खरेदी केंद्र. म्हणून सांगते, 'सरकार अमुक बघतच नाही' असं वाक्य लिहिण्याआधी मूळ पद्धत वाचा. टीका कमजोर होत नाही, उलट नेमकी होते.

आणखी एक बारकावा. २०२३-२४ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,१८० रुपये आणि मालदांडीचा ३,२२५ रुपये क्विंटल होता. दोन्ही खरिपाच्या यादीत. पण मालदांडी म्हटलं की आपल्याकडे रब्बीच. आमच्याकडे ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. आणि काढायची म्हणजे कशी? मुळासकट हाताने उपटायची, कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. हार्वेस्टर घातला तर दाणे मिळतात, पेंढी हाती लागत नाही. ज्याने कडब्यासाठीच ज्वारी पेरली त्याला त्याचा काय उपयोग?

आता बीडचं कॅलेंडर समोर ठेवा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. ज्वारी उपटायच्या ऐन दिवसांत गावातले सगळ्यात कामाचे हात पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत असतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. मग हरभरा पेरला जातो, कारण हरभरा हार्वेस्टरने निघतो. यात अडाणीपणा कुठे आहे? मला तरी हा निर्णय चोख हिशेबी वाटतो.

माझी मुख्य तक्रार इथे आहे. ज्वारीचं धोरण आणि उसाचं धोरण वेगवेगळ्या फायलींत राहतं, पण दोघांना लागणारे हात एकाच घरातले असतात. उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे. एफआरपी कायद्याने बंधनकारक (२०२३-२४ ला क्विंटलला ३१५ रुपये) आणि पैसे १४ दिवसांत देण्याचं बंधन. ते दर वेळी पाळलं जात नाही हा भाग वेगळा, पण निदान त्यावर भांडता येतं. त्यात इथेनॉलचं २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणलं. ज्वारीच्या हमीभावाला असं कायद्याचं पाठबळ नाही. एका हाताने पाणी पिणाऱ्या पिकाला बळ द्यायचं आणि दुसऱ्या हाताने कोरडवाहू पिकाला नुसतं नवं नाव द्यायचं. याला शाश्वत अन्नव्यवस्था म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

मागणीची बाजू खोटी आहे असं मात्र मी म्हणत नाही. फक्त ती हॉटेलात शोधण्यापेक्षा रेशन दुकानात शोधावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. म्हणजे जागा कायद्यातच केलेली होती. प्रत्यक्षात आमच्या घरांत वर्षानुवर्षं आला तो गहू आणि तांदूळ. आता तर एक संधी अक्षरशः दारात आली होती. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये, म्हणजे ऐन भरडधान्य वर्षात, राज्याने ते बदलून माणशी महिना १५० रुपये रोख द्यायचं ठरवलं. त्याच पैशात त्याच जिल्ह्यांतली ज्वारी विकत घेऊन त्याच घरांना देता आली असती का? साठवण, कीड, वाहतूक या अडचणी खऱ्या आहेत. पण निदान तो हिशेब मांडायला हवा होता. ओडिशाने २०१७ पासून नाचणीची खरेदी, रेशन आणि अंगणवाडी एकमेकांना जोडून दाखवलीच आहे.

अर्थात रेशनला ज्वारी आली तरी वडिलांचा प्रश्न तिथेच राहतो. म्हणून यंदाच्या रब्बीत मी भावबिव बाजूला ठेवून एकच गोष्ट मोजणार आहे: एक एकर ज्वारी उपटून गंजी लागेपर्यंत किती माणसांचे किती तास लागतात आणि त्या दिवसांत गावात मजुरी किती असते. मार्गदर्शकांना सांगितलं तर ते हसले, "एवढं साधं?" मी शोधलं तेव्हा आमच्या पट्ट्यापुरता असा आकडा मला सापडला नाही. कुणाला सापडला तर जरूर कळवा, माझा एक हंगाम वाचेल. नाहीतर फेब्रुवारीत वही आणि घड्याळ घेऊन मी शेतात आहेच. आईने आत्ताच बजावलंय, नुसतं लिहीत बसायचं नाही, एक पात धरायची.